खुर्ची तीच, कागद दुसरा

३ ऑक्टोबर २०१७, मंगळवार. ढाणकी

दसऱ्याला वजनकाट्याची पूजा झाली; काट्यावर अद्याप एकही गाडी चढलेली नाही. कापसाच्या बोंडात अळी आहे आणि जिनिंगमध्ये शांतता आहे. दुपारी छोट्या शेठने केबिनमध्ये बोलावले. त्यांचे वडील, मोठे शेठ, असताना मला कोणी बोलावत नसे, ते स्वतः माझ्या टेबलापाशी येत. असो.

समोर दोन कागद. पहिला माझा राजीनामा, टंकलिखित, सही तेवढी बाकी. दुसरा करारनामा : 'लेखा-सल्लागार', १ ऑक्टोबरपासून. म्हणजे परवापासून मी नोकर नाही, आणि हे मला आज कळते आहे.

"काकाजी, टेन्शन कायले घेता? खुर्ची तेच, काम तेच, चहा बी तोच. फक्त कागद बदलून राह्यला."

कागद का बदलतो आहे, असे मी विचारले.

"यंदा माल आहे कुठं? पर्मनंटचा बोजा झेपत नाही. बाकीच्यायचं मंग पाहू. तुमच्यापासून सुरुवात. तुम्ही समजदार आहात."

समजूतदारपणाचा हा उपयोग मला ठाऊक नव्हता. विचारास चार दिवस मागून घेतले. खुर्चीवर परत येऊन बसलो. अठ्ठावीस वर्षांची खुर्ची. बसताना आवाज तोच आला.

५ ऑक्टोबर, गुरुवार

दोन्ही बाजूंची आकडेमोड केली. नोकर म्हणून हाती काय येते, सल्लागार म्हणून काय येईल. पी.एफ. कापला जाणार नाही, शेठचा वाटाही भरला जाणार नाही. कर वेगळ्या रीतीने. वर्षभराचा विचार करता हाती येणारी रक्कम वाढते.

पुन्हा केली. वाढते.

आकडेमोड चुकली असती तर बरे वाटले असते. घरी सु. म्हणाली, "अहो, वाढतंय तर चेहरा असा का?"

७ ऑक्टोबर, शनिवार

पुसद. सी.ए. गावंडे, वयाने मुलासारखे, पण मला 'सर' म्हणतात. करारनामा वाचून म्हणाले, "आता हा पगार नाही, फी आहे. शेठ दर महिन्याला दहा टक्के कापून सरकारात भरतील. वर्षअखेर विवरणपत्र भरा, जास्तीचे परत मिळतील."

"आणि कर किती?"

"बहुधा काहीच नाही. लेखाकर्म हा व्यवसाय धरतात. जेवढी फी मिळाली, त्यातली निम्मी खर्च झाली असं कायदा स्वतःच मानून घेतो. उरलेल्या निम्म्यावर हिशोब."

मी म्हणालो, परंतु माझा खर्च काहीच नाही. टेबल शेठचे, पंखा शेठचा, कागद शेठचा.

"पेन?"

"पेन माझे."

"मग झालं की सर. पेन तरी आहे."

ते हसले. मी हसू शकलो नाही. अठ्ठावीस वर्षे पगाराचा प्रत्येक रुपया उत्पन्न म्हणून धरला गेला. घर कसे चालवतोस, असे कोणी विचारले नाही. आता न विचारता निम्मे उत्पन्न पुसून टाकायला तयार आहेत. कायदा माझ्यावर विश्वास ठेवतो आहे आणि तो विश्वास खोटा आहे.

एस.टी.त संपूर्ण रस्ताभर हेच.

९ ऑक्टोबर, सोमवार

दोन्हींवर सही केली. न करून काय केले असते, हे मला सांगता येणार नाही. छोट्या शेठने पेढा दिला.

नंतर ध्यानात आले की हजेरीपट मीच ठेवतो. तेव्हा माझे नाव मलाच कमी करावे लागणार. पट्टी घेतली, लाल शाई, नावावर सरळ रेघ. शेऱ्यात 'सेवा समाप्त' लिहिले. अक्षर नेहमीसारखे आले.

उत्तम राठोड, आमचा काटेवाला, दारात उभा राहून हे पाहत होता. तांड्यावरचा माणूस, माझ्यानंतर दोन मोसमांनी लागला. म्हणाला, "मुनीमजी, मंग आता तुमी कोन?"

मुनीमजी म्हणू नकोस, मी लेखापाल आहे, असे मी त्याला आजवर पुष्कळदा सांगितले आहे. आज सांगितले नाही.

"सल्लागार," मी म्हणालो.

"सल्ला कोनाले द्याचा?"

१३ ऑक्टोबर, शुक्रवार

उमरखेड. व्यवसाय कराची नोंदणी. आजवर हा कर शेठ पगारातून कापीत असत. आता मी स्वतंत्र व्यावसायिक असल्याने स्वतः नोंदणी करून स्वतः भरावयाचा. संगणकावर बसलेल्या मुलीने विचारले, "काका, व्यवसायाचं नाव काय टाकू?"

व्यवसायाला नाव नाही, असे सांगितले.

"नाव लागते. रिकामं ठेवलं तर पुढं जात नाही."

माझेच नाव दिले. पत्ता राहत्या घराचा. म्हणजे आता घर हे माझे कार्यालय, आणि जेथे मी दिवसभर बसतो ते परक्याचे.

१९ ऑक्टोबर, गुरुवार. लक्ष्मीपूजन

हे लिहून ठेवणे आवश्यक आहे.

जिनिंगमधील पद्धत मोठ्या शेठपासूनची. पूजा झाली की प्रत्येक कायम नोकराला एक स्टीलचे भांडे, त्यावर त्याचे नाव व साल कोरलेले. ठेकेदार लोक, म्हणजे हमालीचा, ट्रकवाला, बारदानवाला, हे बाहेर व्हरांड्यात बसतात. ते घेत नाहीत, देतात. मिठाईचा पुडा शेठच्या हाती देऊन नमस्कार करून जातात.

मी सवयीने आत जाऊन गादीवर नेहमीच्या जागी बसलो. छोटे शेठ वाकून हळूच म्हणाले, "काकाजी, तुमच्यासाठी बाहेर खुर्ची टाकली आहे." स्वर अत्यंत आदराचा. त्यामुळे रागावताही आले नाही.

बाहेर आलो. ट्रकवाल्याने सरकून जागा दिली, माझ्या हातांकडे पाहिले. "खाली हातानं आले मुनीमजी? मिठाई नाई आनली?"

मला कोणी सांगितले नव्हते. सांगावयास हवे होते असेही नाही, पद्धत मला ठाऊकच होती. ती मला लागू होते एवढेच लक्षात आले नाही. ट्रकवाला चांगला माणूस. आपल्या दोन पुड्यांपैकी एक माझ्या मांडीवर ठेवला. "द्या हा. मी एकच देतो."

परक्याने आणलेली मिठाई मी शेठला दिली. त्यांनी दोन्ही हातांनी घेतली.

उत्तम आतून पातेले घेऊन बाहेर आला. मला पाहून त्याने ते पाठीमागे धरले.

घरी सु.ने विचारले, "यंदाचं भांडं?" म्हणालो, यंदा नाही. ती मांडणीकडे पाहून म्हणाली, "तसंही ठेवायला जागा नव्हती." मांडणीवर सगळीकडे माझे नाव आहे. याआधी कधी वाचले नव्हते.

१ नोव्हेंबर, बुधवार

पहिले बिल. सल्लागाराने बिल दिल्याशिवाय फी निघत नाही. तेव्हा मी शेठच्या नावे बिल केले. ते लेखा विभागाकडे आले, म्हणजे माझ्याकडे. तपासले. दहा टक्के कापले. व्हाउचर केले. 'तपासणार' येथे माझी सही, 'स्वीकारणार' येथे माझी सही.

दोन्ही सह्या शेजारी शेजारी आल्या. बँकेने अशी एखादी स्लिप परत केली असती. येथे सर्व नियमानुसार आहे.

१६ नोव्हेंबर, गुरुवार

सकाळी बँकेत गेलतो (उत्तमची भाषा लागली, 'गेलो होतो'). परत येईतो उशीर. छोटे शेठ सर्वांसमोर म्हणाले, "काकाजी, ऑफिस टाइम म्हणजे ऑफिस टाइम."

करारनाम्यात वेळेचा उल्लेख नाही. मी पाहिले आहे. ज्याला वेळ नेमून दिली जाते तो सल्लागार कसा? व मी सल्लागार नसेन तर मग

१८ नोव्हेंबर, शनिवार

पुन्हा पुसद. परवाचा प्रश्न गावंडेंना तसाच विचारला. प्रथमच गंभीर झाले.

"सर, कागदावर काय लिहिलंय हे शेवटी महत्त्वाचं नसतं. वेळ कोण ठरवतो? खुर्ची कोणाची? आणि मुख्य म्हणजे, तुमच्या जागी दुसरा माणूस चालतो का? ठेकेदार माणूस पाठवतो. नोकराला स्वतः जावं लागतं."

मग करारनाम्यातील कलम ७ वर बोट ठेवले. 'सल्लागार सेवा स्वतः अथवा योग्य प्रतिनिधीमार्फत देऊ शकेल.' बहुधा कोठून तरी उतरवलेला नमुना असावा. छोट्या शेठने वाचलाही नसेल, असे ते म्हणाले.

"एक दिवस प्रतिनिधी पाठवून बघा. शेठ म्हणतील, दुसरा चालणार नाही, तुम्हीच या. मोबाइलवर निरोप आला तरी पुरे. तेवढा हातात असला तर मी पत्र लिहितो. मुद्दा भक्कम होईल. नाव काहीही दिलं तरी तुम्ही नोकरच आहात. पगार पगारच धरावा लागेल आणि पी.एफ. पुन्हा सुरू करावा लागेल."

मी चोपन्न वर्षांचा आहे. अठ्ठावन्नपर्यंतची चार वर्षे निवृत्तिवेतनात धरली जातील किंवा जाणार नाहीत, हे त्या एका निरोपावर आहे. परंतु खरे सांगायचे तर निवृत्तिवेतनापेक्षाही मला ते वाक्य हवे आहे. 'तुम्हीच या.'

२५ नोव्हेंबर, शनिवार

प्रतिनिधी कोण, याचा विचार केला. नकार निश्चित यावा असा पाहिजे. तथापि पात्रतेवर बोट ठेवता येऊ नये.

सु.

अकरावी-बारावीच्या मुलांच्या हिशेबशास्त्राच्या शिकवण्या ती कित्येक वर्षे घेते, स्वतः वाणिज्य पदवीधर आहे. पात्रता निर्विवाद. परंतु मोसमात जिनिंगमध्ये गाडीवान, हमाल, ट्रकवाले. तेथे घरची बाई बसलेली छोट्या शेठला चालणार नाही. अर्ध्या तासात फोन येईल.

तिला योजना सांगितली. ऐकून घेतले. भाजी निवडता निवडता विचारले, "म्हणजे मी काम करायला जायचं की परत यायला?"

"काम करण्यास."

"नीट सांगा हो. त्याप्रमाणे साडी नेसते."

२९ नोव्हेंबर, बुधवार

सकाळी सु. माझा डबा घेऊन गेली. तिजोरीची किल्ली दिली, रोजकीर्द कोठे असते ते सांगितले. तिने निम्मेच ऐकले.

घरी बसलो. फोन टेबलावर, आवाज पूर्ण वाढवलेला. शेठला द्यावयाच्या उत्तराचा मसुदा केला, त्यात दोन शब्द बदलले. पोस्टमन आला. शेजारच्यांचा कुकर. फोन घेऊन पाहिला, चालू होता. गावंडेंना लावून पाहिला, लागला. चुकून लागला म्हणून सांगितले.

दुपारी एक फोन आला. गॅसच्या नोंदणीचा.

नंतर आला नाही.

संध्याकाळी सु. आली. केसांत सरकीची लव, पदराला शाईचा डाग. पाय धुता धुता म्हणाली, "तुमची खुर्ची डावीकडे कलते हो. इतकी वर्षं कसे बसलात?"

"शेठ काय म्हणाले?"

"नमस्कार म्हणाले. चहा सांगितला."

"आणि?"

"आणि विचारलं, काकाजींना बरं नाही का. मी म्हटलं, बरे आहेत, पण कलम सात आहे. ते हसले. मग त्यांच्या फोनवर करार पाहिला आणि म्हणाले, आहे खरं."

"परत जा म्हणाले नाहीत?"

"काम होतं ना तिथे."

मसुदा फाडला नाही. ठेवून दिला आहे.

३० नोव्हेंबर, गुरुवार

आज मी गेलो. रोजकीर्द पाहिली. एकही चूक नाही. एका ठिकाणी तिने माझ्यापेक्षा कमी शब्दांत तेच लिहिले आहे.

छोटे शेठ : "काकाजी, तुमच्याच कलमानं चाललं. काकू कधी बी येऊ द्या. वांधा नाही."

उत्तम काट्यावरून उतरून आला. सांगितल्याशिवाय त्याला राहवत नव्हते. "काल एक गाडीवाला लै तनतन करत होता, पावतीले उशीर काहून म्हनून. वहिनीनं काय म्हनलं माहीत हाय? म्हने, 'भाऊ, तुमी भांडून घ्या, तवर मी लिवते.' त्याचं भांडन संपाच्या आत पावती हातात. तो बी हासला."

"माझ्याकडे पावतीला उशीर होतो का?"

उत्तमने टोपी काढून पुन्हा घातली. "तुमच्यापाशी बराबर भेटते जी. पन बसा लागते."

गावंडेंना फोन. त्यांनी सर्व ऐकून घेतले. मग : "सर, आपण तर त्यांचीच बाजू सिद्ध करून दिली. आता तुम्ही खरोखर ठेकेदार आहात. लेखी पुराव्यासह."

२० डिसेंबर, बुधवार

आवक नाही म्हणावी इतकीच. जो कापूस येतो त्यातही कवडी फार, अळीने खाल्लेली, कोणी धड भाव देत नाही. तरी आठवड्यातून एक-दोन दिवस छोटे शेठ निरोप देतात, उद्या काकू येतील का. निरोप मलाच देतात. सु.ने शिकवण्या सकाळी लवकर घेतल्या आहेत.

एक प्रश्न मला सोडवता येत नव्हता, तो आज सुटला. फीतील निम्मी रक्कम खर्च झाली असे कायदा मानतो. माझा खर्च तर केवळ पेन. आता माझ्या जागी सु. काम करते. तेव्हा या महिन्यापासून निम्मी फी तिला देणे योग्य. धनादेशाने, तिच्या खात्यात. कायदा जे मानत होता ते आता खरे झाले आहे. गावंडेंनी सांगितले त्या दिवसापासून हे मनाला टोचत होते.

धनादेश दिला. तिने नाव वाचले, तारीख वाचली. "माझ्या नावाने आजवर लाइटचं बिलसुद्धा आलं नाही हो," असे म्हणून तो भिंग लावून पाहावा तसा उजेडात धरला. मला वाटले होते ती हसेल.

१ फेब्रुवारी २०१८, गुरुवार

अर्थसंकल्प. जिनिंगच्या टीव्हीवर. पगारदारांना प्रमाणित वजावट पुन्हा देणार. काही वर्षांपूर्वी काढून घेतली तेव्हा मी पगारदार होतो. परत देतात तेव्हा नाही.

उत्तमने विचारले, "आपल्याले काही भेटलं काय, मुनीमजी?"

तुला मिळेल, मला नाही, असे सांगितले. त्याचे उत्पन्न करपात्रच नाही, त्यामुळे त्यालाही मिळणार नाही, हे नंतर लक्षात आले. सांगण्यास परत गेलो नाही.

१६ मार्च, शुक्रवार

अग्रिम कराची मुदत काल संपली. भरावयाचा काही नव्हता.

दुपारी छोट्या शेठने बोलावले. सु. पण तेथे होती. तिचा दिवस होता आणि मी बँकेचे कागद घेऊन आलो होतो. दोघांना बसवले. दोन चहा.

"काकाजी, एक एप्रिलपासून नवीन करार करू. काकूंच्या नावानं."

मला वाटले ऐकण्यात काही राहिले.

"तुमचं काम चांगलंच आहे हो. पण तुमच्याशी बोलायचं म्हणजे कलम, कलम. त्या पुसदच्या सी.ए.नं मले फोन केलता मागं, काकाजी नोकर आहेत का ठेकेदार म्हणून. काकूंशी आपलं जमते. नसन तर उमरखेडवरून एजन्सीचा पोरगा बोलावतो. पण घरातल्या घरात राहिलं तर चांगलं, नाही का?"

गावंडेंनी फोन केला होता, हे मला ठाऊक नव्हते.

मी सु.कडे पाहिले. ती 'नाही' म्हणेल म्हणून पाहिले. ती म्हणाली, "विचार करून सांगते."

१७ मार्च, शनिवार

गावंडेंशी बोललो. फोनबद्दल त्यांनी माफी मागितली; केवळ चाचपणीसाठी केला होता, म्हणाले. मग सांगितले ते असे : "काकूंच्या मागे जुनी नोकरी नाही सर. तुमच्या मागे अठ्ठावीस वर्षं आहेत, तीच शेठला नको आहेत. काकूंच्या नावाने करार झाला की कोणी म्हणू शकणार नाही की हा नोकरच होता, नुसतं नाव बदललं. त्या पहिल्या दिवसापासून ठेकेदार."

"आणि माझा मुद्दा?"

"करार तुमच्या नावाने चालू आहे तोवर थोडी धुगधुगी आहे. त्यांच्या नावाने झाला की संपला."

म्हणजे सु.ने होकार दिला तर माझी अठ्ठावीस वर्षे तेथेच थांबतात. नकार दिला तर उमरखेडचा मुलगा येतो, आणि दोघेही घरी. मी हे तिला जसेच्या तसे सांगितले. वजन कोणत्याही बाजूस पडू नये अशी काळजी घेऊन सांगितले.

तिने ऐकले. उद्याच्या गुढीसाठी साखरेच्या गाठी आणायच्या राहिल्या, म्हणाली.

२५ मार्च, रविवार

शेवटी मी विचारले.

"तुम्हाला काय वाटतं ते सांगा आधी," ती म्हणाली.

मी म्हणालो, माझे मत विचारात घेऊ नये.

"बरं, नाही घेत."

हे ऐकून मी थक्क झालो, हे नमूद करतो.

थोड्या वेळाने तीच बोलली. "मला तिथे आवडतं हो. गडबड असते. कोणी मला बारावीचा पोर्शन विचारत नाही. आणि तुम्ही लगेच असा चेहरा करू नका. तुम्ही पाठवलंत म्हणून मी गेले."

"तू परत यावीस म्हणून पाठवले होते."

"ते मला माहीत होतं."

मग म्हणाली, "कलम सात माझ्याही करारात राहीलच ना? मग मी तुम्हाला पाठवीन. अधूनमधून. प्रतिनिधी म्हणून."

ती चेष्टा करते आहे की नाही, हे बत्तीस वर्षांत मला नेहमी कळत आले आहे. आज कळले नाही.

३१ मार्च, शनिवार

वर्षअखेर. खाती मिळवली, सर्व जुळले. किल्ली छोट्या शेठच्या हाती दिली, ते म्हणाले, "सोमवारी जो येईल त्याला देतो."

उत्तमने फाटकापाशी गाठले. हळू आवाजात म्हणाला, "मले बी बोलावलं होतं काल. कागद दाखवला." मग इकडेतिकडे पाहून : "सही करू काय, मुनीमजी?"

सल्ला कोणाला द्यायचा, असे ऑक्टोबरात त्याने विचारले तेव्हा मला ठाऊक नव्हते. आता ठाऊक आहे. तरी म्हणालो, "कलम सात वाचून घे." आणि मग थांबलो, कारण ते अपुरे होते. "आणि सही सोमवारी करू नकोस. आधी माझ्याबरोबर पुसदला चल. तुझ्या मागे किती वर्षे आहेत, ती कशी टिकवायची ते गावंडेंनाच विचारू."

"तुमी कोन म्हनून याल तिथं?"

"येईन," एवढेच म्हणालो.

१ एप्रिल, रविवार

सु.ने दुपारी मला विचारले, व्यवसाय कराच्या अर्जात 'व्यवसायाचे नाव' येथे तुम्ही काय लिहिलं होतं? माझेच नाव, असे सांगितले.

"मी वेगळं काही लिहीन," ती म्हणाली. 'लिहिते' म्हणाली नाही. 'लिहिलं असतं' असेही नाही. मी पुढे विचारले नाही.

शेठला तिने उत्तर कळवले आहे काय, ते मला ठाऊक नाही. तिचा फोन ओट्यावरच पडलेला असतो. मी पाहिलेला नाही.

संध्याकाळी तिने दोन डबे घासून ओट्यावर पालथे घातले. एकावर माझे नाव, १९९६. दुसऱ्यावरही माझेच, २००८. उद्या सकाळी जिनिंगसाठी यांतला एकच भरावयाचा आहे.